न मोडलेला नान

मोहिरा खोलाबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकंच फिरतं. मग समोर कोणी का असेना. आज मी आमच्या वस्तीतल्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते ती तिच्यामुळे, आणि हे मी चौकात उभी राहून ओरडून सांगेन.

आम्ही मुगात जमातीचे. इथे किर्गिझस्तानात, ओश शहराच्या बाजारात लोक आम्हाला हिणवून लुली म्हणतात आणि पाकीट घट्ट धरतात. आमच्याकडे सोयरीक ठरते ती नान मोडून. दोन्हीकडची माणसं दस्तरखानाभोवती, जेवणासाठी अंथरलेल्या कापडाभोवती, बसली की एखादी भाग्याची बाई नान हातात घेते, मोडते, सगळे आमीन म्हणतात. झालं! मग माघार नाही. वर्षानुवर्षं ही बाई म्हणजे मोहिरा खोला. खोला म्हणजे मावशी, अख्ख्या वस्तीचीच. तिच्या हाताला यश आहे, म्हणायचे. प्रत्येक सोयरिकीत तिला दारापासून लांबची, मानाची जागा आणि डोक्याला नवा रुमाल ठरलेला.

मी आठवीत होते. वर्गातल्या बाकीच्या मुली एकेक करून गेल्या होत्या, कुणी लग्न होऊन, कुणी बाजारात हात पसरायला. मला शिक्षिका व्हायचं होतं. वडील भंगार गोळा करायचे, आणि त्या धंद्यातल्या जोडीदाराला त्यांनी शब्द देऊन टाकला होता, त्याच्या मुलासाठी.

त्या दिवशी मी पडद्यामागे रडत होते. "आवाज करू नकोस, शोभा होईल," आई दटावत होती. बाहेर चहा झाला, नान आला. खोलाने तो हातात घेतला आणि मोडायचा सोडून पडद्याकडे तोंड केलं.

"काय गं सआदत, तुला हवंय का हे?"

असं आमच्यात कोणी विचारत नाही. वडील म्हणाले, "खोला, पोरीला काय विचारायचं? मोड की."

"तुला विचारलं नाही, रजब. गप्प बस. बोल गं तू."

"मला शाळेत जायचंय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की माझी मलाच लाज वाटली.

खोलाने नान होता तसा दस्तरखानावर ठेवला. "ऐकलंत? माझ्याच्याने नाही मोडवत."

"तुझ्या लेकींच्या वेळी बरा मोडवला, म्हातारे!" मुलाची आई कडाडली.

"मोडला ना. दोघींचाही मोडला. एवढ्याएवढ्याशा होत्या. मी त्यांना विचारलं नाही," खोला म्हणाली आणि उठली.

मुलाकडचे आपण आणलेली भेटीची ताटं उचलून चालते झाले. वडिलांनी तोंडाचा असा पट्टा सोडला की सगळी गल्ली गोळा झाली. "तुझ्या हाताला खोट लागलीय, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!" पुढे मला कोणी मागायला येईना. शेवटी वडीलच कंटाळले. "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जा, मर त्या शाळेत!" मी काही मेले नाही. अकरावी, म्हणजे आमच्याकडची शेवटची इयत्ता, पास झाले, शहरात शिकले आणि परत आले.

भोगलं ते खोलाने. वस्तीने तिला सोयरिकीला बोलावणंच बंद केलं. शेजारी दस्तरखान पसरलेलं असायचं आणि ही आपली तंदूरपाशी बसलेली. वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं.

"वाटतं तर! फुकटचा पुलाव गेला." मग म्हणाली, "माझी शाळा म्हणजे आईच्या कडेवर बसून बाजारात हात पुढे करायचा. त्यात मी पहिली आले असते बघ." ती खो खो हसली. मला मात्र भरून आलं. सख्ख्या लेकीसाठी कोणी एवढं सोसत नाही, आणि मी तिची कोण?

परवा मी तिच्याकडे पीठ मळून देत होते, तर दारात वडील. इतक्या वर्षांत त्यांनी तिला साधा सलाम केला नव्हता.

"खोला, उद्या आमच्याकडे ये."

"का रे? कोण मेलं?"

"नसीबाला मागायला येतायत." नसीबा माझी धाकटी बहीण, यंदा आठवीत. आमच्यात चुलत भावंडांचीही सोयरीक होते. "माझा थोरला भाऊच येतोय, त्याच्या पोरासाठी. त्याला नाही म्हणायची माझी काय टाप!"

"मग मी कशाला? माझ्या हाताला खोट आहे. तूच म्हणालास."

वडिलांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. जमिनीकडे पाहत म्हणाले, "म्हणूनच. तू ये, मानाच्या जागी बस, नान हातात घे आणि... आणि तिला विचार."

माझे हात पिठातच राहिले. डोळे वाहायला लागले ते पुसायचे तरी कशाने?

खोला मात्र ढिम्म. "येईन. पण मग भावादेखत मला चांगल्या चार शिव्या घाल. नाहीतर त्याला संशय येईल."

"घालीन," वडील म्हणाले. "सवय आहे मला."