सुजेच्या मापाचा ब्लाऊज

"डॉक्टर, आठ दिवसांवर हिचं लग्न आहे. ब्लाऊज नीट बसेल तेवढं बघा," काकू म्हणाल्या.

मी स्तनांच्या आजारांची सर्जन. दादरला माझं क्लिनिक आहे. तपासणीच्या टेबलावर काकूंची मुलगी स्नेहल होती, एकोणतीस वर्षांची, विमा कंपनीत नोकरीला. दोन्ही स्तनांवर गोल जांभळे वळ. डावीकडे दोन फोड आणि एक टणक गाठ. आणि आईला काळजी ब्लाऊजची. मला राग आला आणि मी तो लपवला नाही.

स्नेहलने पिशवीतून पंप काढला. छाती वाढवायचा म्हणून ऑनलाइन मागवलेला. प्लॅस्टिकचे दोन कप, नळी आणि हाताने दाबायचा रबरी फुगा. कप लावून आतली हवा ओढली की स्तन कपात खेचला जातो, त्यात पाणी साठतं, सूज येते. आरशात त्या सुजेलाच वाढ समजायचं. बरीचशी काही तासांत ओसरते. जास्त ओढलं तर आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात.

"रोज किती वेळ लावतेस?"

"आधी दहा मिनिटं. आता लावूनच झोपते."

"कशासाठी?"

उत्तर काकूंनीच दिलं. "ब्लाऊजचं माप दिलं त्या दिवशी सकाळी पंप लावलेला. ट्रायलला गेलो तर ब्लाऊज ढगळ."

"मग आत घ्यायला सांगा. टेलरला किती वेळ लागतो?"

"त्याची बायको आमच्याच मजल्यावर राहते, डिलाईल रोडला. माप कसं उतरलं विचारेल. अख्ख्या चाळीत बोभाटा होईल."

म्हणजे ब्लाऊज सुजेच्या मापाने शिवला आणि आता सूज ब्लाऊजच्या मापाने आणायची. दोघीही शिकलेल्या.

पंपाच्या मीटरवर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे होते. आकडा एकही नाही. मी विकणाऱ्याला फोन लावायला सांगितला.

"लाल पट्ट्यात दाब किती असतो?"

"मॅडम, लाल म्हणजे फुल रिझल्ट."

"फोड आलेत."

"चांगलं आहे ना. स्किन ओपन होतेय. खोबरेल लावा, कंटिन्यू करा."

"स्वतःच्या पोटावर लावून पाहिलात कधी?"

फोन कट झाला.

काकू बाहेर गेल्यावर स्नेहलने हळूच विचारलं, "गाठ कॅन्सरची नाही ना?" एवढा एकच शहाणा प्रश्न त्या दिवशी मला कोणी विचारला. लगेच सोनोग्राफी केली. गाठ म्हणजे आत साकळलेलं रक्त होतं. ती रडली. मलाही हायसं वाटलं.

पंप बंद, फोडांना ड्रेसिंग, सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. मग पंपासोबतच्या माहितीपत्रकात जे छापायला हवं होतं ते मी सांगितलं. मीटरवर आकडे आणि हवा आत सोडायची कळ नसेल तर पंप घ्यायचाच नाही. हट्टच असेल तर आधी डॉक्टरला विचारून, कमीत कमी दाब, थोडी मिनिटं. दुखलं, बधिर झालं, रंग बदलला की तिथेच थांबायचं. वळ किंवा फोड असताना, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना अजिबात नाही. आणि लावून झोपायचं तर कधीच नाही.

सहा आठवड्यांनी ती आली. गाठ विरली होती.

"टेलरने काय विचारलं?"

"काहीच नाही. म्हणाला, लग्नाआधी सगळ्याच पोरी बारीक होतात. दोन टिपा मारल्या आणि दिला."

तिचा पंप मी ठेवून घेतला, तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. अजून कोणी ना कोणी अशा पंपाबद्दल विचारतंच. मी तो हातात देते आणि मीटरवरचा आकडा वाचायला सांगते.