बोटीच्या पोटात गप्प बसायचं नाही

माझ्या सासूबाईंना धक्क्यावर सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्याही खुशाल ओ देतात. लोकांच्या बोटी धुऊन, घासून, पॉलिश करून चकाचक करायचं काम त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून करतात. लग्नानंतर मीही त्यांच्या हाताखाली लागले. म्हणजे घरीही सासू आणि कामावरही सासू. कुणाला माझी कीव येत असेल तर त्यानं ती स्वतःजवळच ठेवावी.

बोटीचं बाहेरचं अंग घासणं सोपं. पाय घसरू द्यायचा नाही, एवढंच. जीव जातो तो आत. खाली, इंजिनाशेजारी एक बंद जागा असते, तिला आम्ही पोट म्हणतो. तेल, सांडलेलं डिझेल, कुजकं पाणी, सगळं तिथे साचतं. झाकण उघडून, अंग चोरून उतरायचं आणि औषध मारून ती घाण उपसायची. सासूबाईंची एक जोडीदारीण अशीच उतरली होती. वाफेनं आत गुदमरून पडली आणि वरच्यांना वाटलं, बाई किती मन लावून काम करतेय!

तेव्हापासून सासूबाईंचा कायदा आहे. तोंडावर मास्क, खांद्याला पट्टा, पट्ट्याला दोर, ताजी हवा आत सोडायला पंखा, झाकणाशी एक माणूस. आणि आतल्यानं सारखं बोलत राहायचं. बोलायचं म्हणजे भांडायचं.

"गाणं माणूस झोपेतही गुणगुणतो," त्या म्हणतात. "भांडायला डोकं जाग्यावर लागतं."

विषयांचा आम्हाला तोटा नाही. पडदे कुणी आटवले, दूध कुणी उतू घातलं, आणि सगळ्यात लाडका विषय म्हणजे माझा नवरा.

त्या दुपारी मी पोटात उतरले होते आणि वर बोटीचे मालक पाहुण्यांना घेऊन बसले होते. धक्क्याचा मॅनेजर धावत आला. माणूस वाईट नाही, पण मालक दिसला की त्याचे गुडघे आपोआप वाकतात.

"मावशी, आज जरा तोंडाला कुलूप."

"मग सुनेला बाहेर काढते. राहू दे घाण."

"तसं नाही हो. हळू बोला, एवढंच."

"हळू बोलायला आम्ही काय प्रेमात पडलोय?" त्या म्हणाल्या आणि मुद्दाम झाकणाशी वाकून ओरडल्या, "अगं ए, माझ्या मुलाला वाळवलंस तू!"

"वाळला नाही, पोट उतरलं त्यांचं! डॉक्टरांनीच सांगितलं होतं!"

पाहुणे हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी पाहुण्यांना केबिनमध्ये नेलं आणि गारवा हवा म्हणून जनरेटर लावला. त्याच्या धुराचं तोंड आमच्या पंख्याशेजारीच होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पंखा इमानेइतबारे तो धूर माझ्यावर सोडू लागला. माझा मास्क फक्त औषधाची वाफ अडवणारा. धुरातलं विष त्यातून सरळ आत येतं.

कपाळ ठणकलं आणि मग छान झोप यायला लागली. पुढचं मला इतरांनी सांगितलं.

"वाळवलंसच तू त्याला!" सासूबाई म्हणाल्या.

"हो आई," मी आतून म्हणाले, "तुमचंच बरोबर आहे."

"ओढा!" त्या किंचाळल्या. "हिला काहीतरी झालंय!"

मालक बाहेर आले होते. "अहो, कबूल करतेय की ती."

"म्हणूनच! बंद करा तो जनरेटर!"

मॅनेजर आत उडी घ्यायला निघाला, तर सासूबाईंनी त्याची कॉलर धरली. "तू उतरलास तर दोन मढी काढावी लागतील. दोर धर!"

शुद्धीवर आले तेव्हा मी दवाखान्यात होते, नाकाला ऑक्सिजन. सासूबाई माझं पाऊल घट्ट धरून बसल्या होत्या. बोलत मात्र नव्हत्या. मला त्याचीच भीती वाटली.

घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर फळं घेऊन आला. मालक झालं गेलं विसरायला तयार आहेत, म्हणाला. पोट अर्धंच झालंय. बरं वाटलं की पुरं करून द्या. फक्त गप्प राहून. नाहीतर ते बोट दुसरीकडे नेतील.

हे सगळं तो सासूबाईंना सांगत होता. आमच्याकडे पडद्याचा रंगसुद्धा मला कधी कुणी विचारला नव्हता.

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आत ती उतरते. तिला विचारा."

माझा घसा अजून जळत होता. तरी मी उठून बसले.

"बोट खुशाल न्या," मी म्हणाले. "इथे राहिली तर जनरेटरची चावी काम संपेपर्यंत आईंच्या खिशात राहील. आणि आम्ही ओरडणार."

"अगं, पण मालक..."

"त्यांना ऐकू जाईल इतकं ओरडणार!"

शेजारच्या घराची खिडकी उघडली. सासूबाईंनी फळांची पिशवी परत मॅनेजरच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.