मोटारीसाठी घेतलेलं मशीन

माझी आत्या एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे. त्यावरून ती मेणात एकेक दात बसवायची आणि शेवटी फिरत्या चाकावर धरून कवळी चकचकीत करायची. या कामात तिचं अर्धं आयुष्य गेलं. नातेवाईक तिला कवळीताई म्हणायचे आणि तिला त्याचा राग नव्हता. कुणी समोर हसलं की ती आधी त्याच्या दातांकडे बघायची, मग त्याच्याकडे.

साठीच्या जवळ आल्यावर तिचा उजवा हात थरथरायला लागला. मांडीवर ठेवला की हात गप्प असायचा, पण काही बारीक करायला उचलला की हलायचा. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "जिवाला धोका नाही. घराण्यातून आलेला कंप आहे." औषधाने तो थोडा कमी झाला, पण गेला नाही. आत्याने बरेच महिने तो कुणाला कळू दिला नाही. मनगट टेबलाच्या कडेला रेटून ती काम उरकायची.

मग एक दिवस एक गृहस्थ आपली नवी कवळी रुमालात गुंडाळून घेऊन आले. माणूस अतिशय सभ्य होता.

"तक्रार काही नाही हो," ते म्हणाले. "फक्त मी हसलो की आमची ही माझ्याकडे बघून हसते."

समोरचा एक दात तिरका बसला होता. आत्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून तो नीट करून घेतला, गृहस्थांची माफी मागितली आणि संध्याकाळी मालकांना सांगितलं की उद्यापासून येणार नाही.

"हलकं काम देतो की," मालक म्हणाले.

"हलकं म्हणजे झाडू मारायचं. तो मी घरी मारतेच."

घरी बसल्यावर तिचं जरा बिनसलंच. चारचौघांत चहा घेणं तिने बंद केलं. कुणाकडे जायचं म्हटलं की डोकं दुखायला लागायचं. आम्ही भाचरं भेटायला गेलो की ती दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची आणि आमचंच विचारत राहायची. आतोबांशी मात्र बारीकसारीक गोष्टींवरून वाद घालायची, त्यामुळे ते म्हणायचे, "प्रकृती तशी ठणठणीत आहे तिची."

आतोबा लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्त झाले तरी जुन्या इमारतींची माणसं अजून त्यांनाच बोलवायची, कारण त्या लिफ्ट त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकायच्या नाहीत. जिथे जातील तिथून ते काहीतरी घरी आणायचे. पुली, स्प्रिंगा, तारांची भेंडोळी. "लागेल कधीतरी," असं म्हणून सगळं पलंगाखाली सरकवायचे. आत्या म्हणायची, "एक दिवस मलाच पलंगाखाली सरकवून याच्यावर निजाल तुम्ही."

असंच एका जुन्या इमारतीत गेले असताना तळमजल्यावरचं एक दुकान रिकामं होताना त्यांना दिसलं. एक म्हातारे खडेवाले, म्हणजे अंगठीत बसवायचे खडे घासून पॉलिश करणारे, आपला पसारा काढत होते. दारात त्यांचं मशीन ठेवलं होतं. लोखंडी चौकट, त्यात एक आडवा दांडा, दांड्यावर ओळीने पाच-सहा चाकं, खाली पत्र्याचा ट्रे आणि बाजूला पट्ट्यावर फिरवणारी मोटार. आतोबांनी मोटारीवर हात फिरवला आणि त्यांचा जीव तिच्यावर जडला. जुनी, जड, तांब्याच्या तारेच्या भरदार वेटोळ्यांची मोटार. गच्चीवरच्या पाण्याच्या पंपासाठी त्यांना तशीच हवी होती.

खडेवाले सुटी मोटार द्यायला तयार नव्हते. "घ्यायचं तर सगळं घ्या," ते म्हणाले. दोन वाक्यं बोलली की त्यांना थांबून श्वास घ्यावा लागत होता. "आणि एक ऐका. चालवाल तर पाण्याशिवाय चालवू नका. आमच्या वेळी हे सांगायला कुणी नव्हतं. कोरडी धूळ सगळी इथे गेली." त्यांनी छातीवर बोट ठेवलं.

आतोबा हो म्हणाले आणि सगळं लटांबर टेंपोत घालून घरी घेऊन आले. मोटार काढून घ्यायची आणि बाकीचं भंगारात द्यायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मी त्या दिवशी तिथेच होतो. आतोबा पाना शोधायला आत गेले आणि आत्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. पहिली चाकं खरखरीत होती, पुढची मऊ होत गेलेली आणि शेवटचं जाड नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं. तिने ते शेवटचं चाक बोटाने फिरवलं.

"असंच होतं माझं," ती म्हणाली. "थोडं लहान."

आतोबा पाना घेऊन बाहेर आले.

"मोटारीला हात लावायचा नाही," आत्या म्हणाली.

"अगं, मोटारीसाठीच तर आणलंय हे!"

"मग पाणी बादलीने चढवा. व्यायाम होईल."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. पाना परत पलंगाखाली गेला.

मशीन कुठे ठेवायचं यावर दोन दिवस वाद झाला. पाणी लागणार, चिखल होणार, आवाज होणार. शेवटी स्वयंपाकघरामागची कपडे धुण्याची जागा ठरली, कारण तिथे नळ होता आणि वर खिडकी होती. ट्रेमध्ये खडेवाल्यांचा कित्येक वर्षांचा राखाडी चिखल सुकून दगड झाला होता. आत्याने प्लास्टर खरवडायची आपली जुनी सुरी काढली आणि बसली खरवडत. या कामात हात थरथरला तरी काही बिघडत नव्हतं. आतोबांनी दांडा सोडवला. एक बेअरिंग गुरगुरत होतं, ते बदललं. चौकटीचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली पत्र्याचा तुकडा दिला. थेंब थेंब पाणी पडायला वर एक तोटीचा डबा टांगला. नवा पट्टा चढवला. हे सगळं करताना ते मोटारीशी मधूनच हळू आवाजात बोलत होते. मुलगी सासरी चाललेल्या बापाचं तोंड करून.

चाचणीच्या दिवशी आत्याने सांगितलं, "आधी नुसतं बटण दाबून बघू. चाक कुठल्या बाजूला फिरतं ते तरी कळेल."

"जन्मभर लिफ्टच्या मोटारी जोडल्यात मी," आतोबा म्हणाले. त्यांनी पाणी सोडलं, मशीनसमोर तोंड नेलं आणि बटण दाबलं.

चाकाने वरून आपल्याकडे येत खाली जायला हवं, म्हणजे पाणी ट्रेमध्ये पडतं. मशीन नेमकं उलटं फिरलं. राखाडी पाण्याची धार खालून सरळ आतोबांच्या तोंडावर. त्यांनी चष्मा पुसायला हात वर नेला, तेवढ्यात उलट्या फिरण्याने टोकाचा नट सैल झाला, गरगरत सुटला आणि खिडकीतून बाहेर गेला. खालच्या मजल्यावर काहीतरी खळकन फुटलं. आत्याने झडप घालून वीज बंद केली.

आतोबांच्या भुवयांवरून चिखल ठिबकत होता.

"लिफ्ट असती तर वर जायची ती खाली गेली असती, एवढंच," ते म्हणाले.

आत्या भिंतीला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता तिने त्यांचं तोंड पुसायला फडकं घेतलं, पण हात असा हलत होता की अर्धा चिखल कानात गेला. तेव्हा तेही हसायला लागले.

दारावर थाप पडली. खालच्या काकू नट हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांची एक कुंडी फुटली होती. आत्याने नवी कुंडी कबूल केली आणि दुपारी त्या वाचनालयात जातात तेवढ्या वेळातच मशीन चालेल असं सांगितलं. आतोबांनी वायरी बदलल्या आणि लिफ्टखालचे जुने रबराचे ठोकळे मशीनच्या पायांखाली दिले. पुढे एकदा वाचनालय बंद म्हणून काकू घरीच होत्या, तेव्हा म्हणाल्या की कपाटातल्या कपबश्या आता वाजत नाहीत, नुसत्या गुणगुणतात.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. आत्याला कवळीचं पॉलिश येत होतं, दगडाचं नाही. नदीकाठचे गोटे आणून ती ते लाखेने लाकडी दांडीला चिकटवायची आणि चाकाला लावायची. दांडी धरून कोपरं ट्रेच्या कडेवर टेकवली आणि दगड चाकावर दाबला की तिचा हात बराच स्थिर व्हायचा. अगदी पूर्ण नाही, पण पुरेसा. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने आम्हा कुणाला काही सांगितलं नाही. नुसती रोज बसायला लागली. पण दगड काही जमेनात. घुमटासारखा गोल व्हायच्या जागी खडा सोललेल्या बटाट्यासारखा पैलूपैलूंचा व्हायचा. घासताना तापला की लाख वितळायची आणि खडा टणकन उडून कुठेतरी जायचा. आतोबा तो शोधायला ओणवे व्हायचे. "मोटार गेली, आता कंबर चालली," असं पुटपुटायचे.

शेवटी तिने ते बिघडलेले दगड पिशवीत घातले आणि खडेवाल्यांचं घर गाठलं. कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदाच परक्या माणसाकडे गेली होती. मला सोबत नेलं होतं.

खडेवाले खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांनी एकेक दगड घेऊन अंगठ्याने चाचपला आणि बाजूला ठेवला.

"हात थांबतो तुमचा," ते म्हणाले.

आत्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "थांबत नाही हो. हलतो. तोच तर त्रास आहे." आणि तिने हात पुढे करून दाखवला. आमच्यासमोर तो इतके दिवस पदराखाली असायचा.

खडेवाल्यांनी हाताकडे बघितलं, तेही फारसं नाही. "हे नव्हे. चाकावर दगड एका जागी धरून ठेवता तुम्ही. हात हलेल म्हणून घट्ट धरता, म्हणून सपाट होतो. दांडी सतत फिरवत ठेवायची. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. थांबायचंच नाही." ते दम घ्यायला थांबले. "आणि तापू द्यायचा नाही. गालाला लावून बघायचा."

"ते कवळीचंही तसंच असतं," आत्या म्हणाली. "तापली की वाकडी होते."

"मग येतंय की तुम्हाला. मला कशाला विचारता?"

पण त्यांनी पुढच्या आठवड्यात यायला सांगितलंच. आत्या जायला लागली. ते फार कडक होते. खडा उजेडात धरायचे, तिरका करायचे, आणि जिभेने टच् असा आवाज काढून परत द्यायचे. त्या टच्ला आत्या घाबरायची. घरी येऊन आतोबांना सांगायची, "आज तीनदा टच् केलं." एकदा रागाने तिने दांड्या कोनाड्यात टाकल्या आणि आठवडाभर मशीनकडे गेली नाही. आतोबांनी तेवढ्यात हळूच विचारलं, "मग मोटार काढू का?" त्याच दुपारी मशीन पुन्हा सुरू झालं.

एका खेपेला खडेवाल्यांनी एक खडा उजेडात धरला, तिरका केला आणि काहीच आवाज काढला नाही. तपकिरी रंगाचा, आत फिकट रेघा असलेला साधाच दगड होता. त्यांनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आतल्या खोलीतून एक पत्र्याचा डबा आणायला सुनेला सांगितलं. डब्यात अर्धवट घासलेले खडे होते. छाती बिघडली तेव्हा जे काम हातात होतं ते तसंच राहिलं होतं.

"हे पुरे करा," ते म्हणाले. "एकेक आणून दाखवा. घाई नाही. म्हणजे माझ्याकडून थोडी आहे, तुमच्याकडून नाही."

दीड वर्षात आत्याने तो डबा संपवला. दोन खडे आतून तडकलेले निघाले आणि चाकावर फुटले. ते तिने फुटले तसे नेऊन दाखवले. ते म्हणाले, मला माहीत होतं, म्हणूनच मी ते शेवटी ठेवले होते. बाकीचे त्यांनी नातवंडांत वाटले. त्यानंतरच्या थंडीत ते गेले. आत्या गेली होती तिकडे. सुनेने सगळ्यांसाठी चहा केला होता. आत्याने कप दोन्ही हातांनी धरून घेतला, थोडा बशीत सांडला, आणि ती शेजारच्या बाईशी बोलत राहिली.

आता आत्या सत्तरीची आहे. कंप वाढलाय, सही करायला तिला वेळ लागतो. दुपारी मात्र मशीन चालू असतं. सराफाकडून घासून निस्तेज झालेले जुने खडे येतात, ते ती पुन्हा पॉलिश करून देते. नाकातोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा, डब्यातून पाण्याचे थेंब. काच असेल तर स्पष्ट सांगते, काच आहे. लोक नाराज होतात. मागच्या महिन्यात एक बाई आपल्या आजीची अंगठी घेऊन आल्या आणि खडा खरा नाही हे ऐकून हिरमुसल्या. आत्याने तो खडा मागून घेतला, खरा असता तर जेवढा घासला असता तेवढाच जपून घासला आणि परत दिला. बाईंनी तो उजेडात धरला आणि त्यांना हसू आलं. आत्या त्यांच्या दातांकडे बघत होती.