अण्णांचा डावा कान

अण्णा, माझे वडील, वारले त्या दिवशी मी उस्मानाबादेत शाळेत होतो. निरोप घेऊन माणूस आला. मी नळदुर्गला पोचलो तेव्हा त्यांना समाधी दिली होती.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून नेतात. कपाळाला भस्म, गळ्यात हार, आणि विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, ताठ बसवलेलं. ज्यांनी पाहिलं ते सांगत की अण्णा आमच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसायचे तसेच बसले होते. मी तेवढंही पाहिलं नाही. मी सोळा वर्षांचा होतो आणि माझी बहीण गंगू अकरा महिन्यांची.

घरात अण्णांचा फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं ते म्हणायचे. (त्यांनी जन्मात एकही काढला नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी गेले.)

महिन्याभरानं अव्वा, माझी आई, मला म्हणाली, "तू शाळंत चित्रं काढतोस न्हवं?"

"काढतो."

"मग ह्यांचं काढ. गंगूला बाप कसा व्हता ते दिसाय पाहिजे. मी तोंडानं किती सांगणार?"

मी लगेच हो म्हटलं. मला चित्रकलेचं बक्षीस मिळालेलं होतं.

आता माझ्या कलाशिक्षणाविषयी सांगायला हवं. ते थोडक्यात सांगता येतं. आमच्या ड्रॉइंगच्या वर्गात तीन वस्तू होत्या. एक मातीची सुरई, एक दांड्याचा कप, आणि भिंतीवर हुजूरांची, म्हणजे निजाम सरकारांची, तसबीर. दुसऱ्या वर्षी सुरई फुटली. मास्तर यायचे, "काढा" म्हणायचे आणि डोळे मिटायचे. पाच वर्षं मी कप आणि हुजूर काढले. कपाला लवकर कंटाळलो. हुजूर मात्र हातात बसले. पाटीवर, वहीच्या मागच्या पानावर, डाव्या हातानं, डोळे मिटून, कसेही काढा, हुजूर हजर! एकदा परीक्षेत आंबा काढायला सांगितला होता. निम्मा होईपर्यंत त्याला मिशा आल्या.

त्या हातानं मी अण्णा काढायला बसलो.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मला अण्णा आठवतात, पण दिसत नाहीत. त्यांचा आवाज आठवत होता, कापड टर्रकन फाडण्याची लकब आठवत होती, अंगाचा कोऱ्या मांजरपाटाचा वास आठवत होता. नाक आठवत नव्हतं. मी अव्वाला विचारलं.

"मला काय ठावं?" अव्वा म्हणाली. "मोठी माणसं घरात. पदर डोळ्यावर ओढूनच वावरले की रे मी. पाय विचार. पाय मला पाठ हाईत."

पायांचं चित्र करून भिंतीवर कसं लावायचं? मी मल्लप्पाकाकांकडे गेलो. काका अण्णांचे थोरले भाऊ.

"त्यात काय अवघड हाय?" काका म्हणाले. "नाक माझंच. हे बघ." आणि ते पाट घेऊन माझ्यासमोर बसले. मी काकांचं नाक काढलं. तेवढ्यात आत्या आली. अण्णांची धाकटी बहीण.

"हे कुणाचं नाक?"

"अण्णांचं."

"ह्याचं नाक माझ्या भावाला लावलंस? आमचं नाक सरळ हाय. ह्याचं लहानपणी झाडावरून पडून वाकडं झालंय!"

"कुणाचं वाकडं?" काका म्हणाले.

मी नाक पुसलं. पुन्हा काढलं. काकांनी ते पुसायला लावलं. चार दिवसांत नाकाच्या जागी कागद झिजून भोक पडलं. मी मागून कागदाचा तुकडा खळीनं चिकटवला. खळ जरा जास्त झाली. नाक वाळल्यावर उंच झालं. चित्रात तेवढा एकच भाग खरा वाटत होता. हात लावला तर लागायचा.

मग एका दुपारी मी सगळ्यांना बाहेर पाठवून दार लावलं. डोळे मिटून अण्णांना आठवलं आणि हात कागदावर सोडला. हात भराभर चालला. डोळे आले, मिशी आली, डोक्यावर रुमाल आला. कान तेवढे अडले, कारण हुजूरांच्या तसबिरीत कान दस्तारीखाली, म्हणजे पगडीखाली, अर्धे झाकलेले होते. ते मी कपाच्या दांड्यावरून काढले.

मला वाटलं, हीच प्रेरणा असावी.

अव्वानं चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "लई मोठ्या घरचे दिसत्यात," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. चित्राला चौकट बसली. ते माजघरात लागलं. अव्वा रोज त्यापुढं दिवा लावायची आणि गंगूला उचलून म्हणायची, "अण्णा बघ, अण्णा." गंगू हात जोडायची.

असं वर्ष झालं. वर्षाच्या दिवशी आमचे गुरू जंगमस्वामी आले. चित्राला मोठा हार घातला होता, पुढं समई होती. स्वामींनी भस्माची तीन बोटं चित्राच्या कपाळावर ओढली आणि हात तिथंच ठेवून थांबले.

"ह्यांना मी कुठंतरी पाहिलंय."

"दुकानात पाहिलं असंल, स्वामी," काका म्हणाले.

"दुकानात न्हाय. तहसिलीत."

काका जवळ गेले. वर्षभर ते रोज त्या चित्रापुढून जात होते. आता त्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि खाली बसले.

"अरे, हे तर सरकार!"

मी पाहिलं. हुजूर होते. रुमाल बांधलेले, उंच नाकाचे, कपाळाला भस्म लावलेले हुजूर.

"जित्या सरकारला हार घातलाय आपण!" काका कुजबुजले. "हार काढा!"

"मेलेल्याच्या गळ्यातला हार काढत्यात व्हय?" आत्या म्हणाली.

"पण हे मेलेत कुठं?"

"मग माझा भाऊ न्हाय का मेला?"

तेवढ्यात दारात बुटांचा आवाज झाला. जमादारचाचा आले होते. अण्णांचे जुने गिऱ्हाईक आणि दोस्त. वर्षाच्या जेवणाला आम्हीच बोलावलं होतं, आणि ते ठाण्यातून तसेच, वर्दीत, आले होते! ते दिवस असे होते की सरकारचं नाव घेतानाही माणसं आधी मागं वळून बघायची. आत्या उठली आणि चित्रापुढं दोन्ही हातांनी पदर पसरून उभी राहिली.

"आक्का, ऐसे का उभ्या हो?" चाचा म्हणाले.

"वारं येतंय. समई विझंल."

"हवा तो न्हाय. सरका, दोस्ताला बघू द्या."

आत्या सरकली. चाचा चित्रासमोर उभे राहिले.

"ये कुणी काढलं?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. गंगूला तेव्हा सगळ्यांचं बघून बोट दाखवायचा नाद होता. तिनंही दाखवलं.

"बेटा," चाचा हळू म्हणाले, "हुजूर फार छान आलेत. लेकिन मला माझ्या दोस्ताला बघायचं होतं." मग म्हणाले, "रुमाल सरळ बांधलास. अण्णा कधी सरळ बांधायचे का?"

नाही. रुमाल नेहमी डाव्या कानावर ओढलेला असायचा. हे मला त्या क्षणी आठवलं.

"का ओढायचे, मालूम है?"

"नाही."

चाचांनी अव्वाकडे पाहिलं. अव्वानं मान खाली घातली. "त्याला सांगायचं न्हाय म्हणले व्हते," ती म्हणाली.

"आता सांगतो, भाभी. आता तो रागावणार न्हाय."

चाचांनी सांगितलं ते असं. मी दीड वर्षाचा असताना दुकानात अण्णांच्या खांद्यावर होतो. त्यांच्या कानात सोन्याची बाळी होती. समोर चाचा कापड घेत होते. मी बाळी धरली आणि ओढली. डाव्या कानाची पाळी मधोमध फाटली. मांजरपाटावर रक्त सांडलं. अण्णांनी आवाज केला नाही. उरलेलं कापड मोजलं, रक्त पडलेलं फाडून टाकलं, आणि चाचांना म्हणाले, "पोरगं घाबरंल, ओरडू नका." त्या दिवसापासून रुमाल डावीकडं ओढून बांधू लागले, आणि घरात सगळ्यांना बजावलं की पोराला कधी कळता कामा नये.

म्हणून नाकावर चार दिवस भांडलेल्या माणसांपैकी कानाविषयी एकजणही बोललं नव्हतं.

मला वाटतं, मी चित्र काढायला शिकलो ते त्या दुपारी. उस्मानाबादेला जाईपर्यंत आणि नंतर दर सुट्टीत मी अण्णांच्या घरात होतो. तो कान मला कधीतरी दिसला असेलच, आंघोळीच्या वेळी, झोपेत. मी पाहिला नव्हता. हुजूरांकडे मात्र पाच वर्षं रोज टक लावून पाहिलं होतं.

मी चित्र उतरवलं. कपाचा डावा दांडा पुसला आणि चाचांना विचारत विचारत तिथं फाटका कान काढला. "अजून खाली. हां. आता मध्ये चीर." रुमाल सरळच राहू दिला, नाहीतर कान झाकला असता. अण्णांनी जन्मभर लपवलेली गोष्ट मी भिंतीवर उघडी करून टांगली.

अव्वा म्हणाली, "आले. आता आले."

"आता कुणी विचारलं तर कान दाखवा," जमादारचाचा जेवायला बसत म्हणाले. "हुजूरांचा कान फाटका न्हाय."

पुढं वर्षभर मी फक्त कान काढले. बाजारात बसून काढले. ("मल्लप्पाचा पुतण्या कामातनं गेला," असं लोक म्हणत.) मग नाकं, मग हात. निजामाचं राज्य गेलं तेव्हा हुजूरांच्या ठिकठिकाणच्या तसबिरी उतरल्या आणि गावातली चार पोरं आमची उतरवायलाही आली. अव्वा दारात आडवी झाली. "हे माझे मालक हाईत. कान बघा!" पोरांनी कान पाहिला आणि पायताणं काढून नमस्कार केला.

पुढं मी ड्रॉइंग मास्तर झालो. आठवून, विचारून, अण्णांचं चित्र तीनदा नव्यानं केलं. तिसरं खरंच बरं होतं. अव्वानं तिन्ही ट्रंकेत ठेवली. "इतकी वर्सं ह्यांच्यापुढं दिवा लावला," ती म्हणाली. "आता दुसरं तोंड आणलंस तर परक्या माणसापुढं बसल्यावानी वाटंल."

अव्वा गेल्या महिन्यात गेली. जायच्या आधी गंगूनं तिला विचारलं, "अव्वा, अण्णा खरंच कसे दिसायचे गं?" अव्वानं भिंतीकडे बोट केलं. "अस्सेच," ती म्हणाली. ती गंगूची समजूत घालत नव्हती.

काका, आत्या, चाचा कधीच गेले. अण्णांना पाहिलेला मी एकटा उरलो आहे, आणि डोळे मिटले की मलाही तेच चित्र दिसतं. ते आता गंगूच्या घरी आहे. त्यातला डावा कान तेवढा अण्णांचा आहे. तोही मी फाडलेला.