पहिलं अक्षर कॅपिटल

"तुयी जात टाक. मंग एक, दोन, तीन."

छोटे शेठ असं म्हणाले. मी फक्त नवीन पासवर्ड विचारला होता. सोमवार, सकाळचे दहा. भंडाऱ्यातलं साड्यांचं मोठं दुकान, त्याच्या मागं काचेचं ऑफिस, आत आम्ही सात जण. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली.

"काय टाकू?"

"तुयी जात. बौद्ध-बिद्ध नाही, जुनी. इंग्रजीत टाक. पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं हाय. मान देल्ला तुले."

सगळे हसले. काउंटरवरचे महादेवकाका पण हसले, ज्यांना मीच माऊस धरायला शिकवला होता.

आणि मी काय केलं? टाकला. बोटं चालली. स्क्रीन उघडली.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी मला शूर म्हणू नये.

तीन दुकानं, एक गोदाम, अठ्ठावीस माणसं. बिल, स्टॉक, कॅमेरे, अंगठ्याचं हजेरी मशीन, सगळं माझ्याकडं. मोठे शेठ पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडं पूर्ण आयटी हाय." ती पूर्ण आयटी म्हणजे मी आणि एक स्क्रू ड्रायव्हर. मी येण्याआधी एकाच नावानं सगळे कंप्युटर उघडायचे. कोणीही बिल खोडायचं, आणि ओरडा खायचा गोदामातला हमाल. मी प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला. ज्यानं खोडलं त्याचं नाव दिसायला लागलं. पहिल्याच महिन्यात सगळ्यात जास्त वेळा दिसलं ते छोट्या शेठचं.

तिथंच मी त्यांच्या डोळ्यात खुपले.

मी तीन दिवस दिघोरीला मामेबहिणीच्या लग्नाला गेले. मी परतायच्या आदल्या रात्री त्यांनी सगळं पुसलं आणि अठ्ठावीस जणांना मिळून एकच पासवर्ड ठेवला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, मराठीत, आणि पुढं लिहिलं, 'इंग्रजीत टाईप करा'. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ग्रुपचं नाव 'आपला परिवार'. मी लग्नात होते, नेट नव्हतं. परिवारानं माझी वाट पाहिली नाही.

दुपारी एकटे सापडले तेव्हा मी विचारलं, "शेठ, असा काहून ठेवला?"

"अवो, सगळ्याइच्या ध्यानात राह्यते. आन् तुले तं विसरताच नाही येणार."

हा माणूस पुण्यात एमबीए करून आलेला आहे. माणसं कशी सांभाळायची, यावर तिथं अख्खा पेपर असतो म्हणे. हे त्यात पास झाले.

पुढचे अकरा दिवस. दहा मिनिटं कंप्युटर तसाच राहिला की स्क्रीन बंद व्हायची आणि परत पासवर्ड मागायची. ती सोय माझीच, सुरक्षेसाठी केलेली. इंग्रजी टाईप करायचा सगळ्यांनाच कंटाळा, म्हणून सगळे मला हाका मारायचे. महादेवकाका तर भर गिऱ्हाईकात, "पोरी, ये वो, तुयी जात टाकून दे, बाई उभ्या हायेत!" चहा मागवतात त्याच आवाजात. त्यांच्या मनात काही वाईटही नव्हतं. तेच जास्त लागायचं. शिवी देणाऱ्याला निदान माहीत असतं की तो शिवी देऊन राहिला.

मी जायची. टाकायची. परत यायची.

माझा आजा छप्पन साली नागपूरला गेला, दीक्षा घेतली आणि तो शब्द तिथंच टाकून आला. आमच्या घरात तो कोणी उच्चारत नाही. रागातही नाही. आणि मी, त्याची नात, चौदा एप्रिलला आमच्या शहापूरच्या चौकात माईक धरून गरजणारी, स्वाभिमानावर पत्रकं लिहिणारी, तोच शब्द दिवसातून तीस-चाळीस वेळा टाईप करून राहिले होते. पहिलं अक्षर कॅपिटल करून.

का? आईसाठी, असं मी स्वतःला सांगायची. आई अंगणवाडीत मदतनीस. मोहल्ल्यात भेटेल त्याला सांगते, "मायी पोरगी अठ्ठावीस माणसाइले सांभाळते." नोकरी गेली तर तिचं हे वाक्य जाईल, याची मला भीती होती. पत्रकात भीतीला मी वेगळी नावं देते. इथं देत नाही. ती भीतीच होती.

बाराव्या दिवशी मी गोदामात कॅमेरा लावायला गेले. परत आले तर काउंटरभोवती गर्दी. स्क्रीन बंद पडली होती. मी नाही म्हणून सगळ्यांनी आपापल्या हातानं करून पाहिलं. पाच वेळा चुकलं की खातं कुलूपबंद होतं. झालं होतं. लग्नसराई, गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि पाच शहाणे माझ्या जातीचं स्पेलिंग जुळवून राहिले होते.

"एक ए हाय का दोन?"

"शेवटी पण ए लागते का?"

"शेठ, तुमीच तं ठेवला. सांगा ना."

छोट्या शेठला आठवत नव्हतं! त्यांचा लॅपटॉप अंगठ्यानं उघडतो. त्यांनी तो शब्द फक्त एकदा टाईप केला होता. रोज टाकायचा होता तो मला.

मी दिसले तसे ते वळले. "आली पाय. सांग वो स्पेलिंग. तुयीच तं हाय."

अठ्ठावीस माणसांचा कारभार. एका शब्दावर अडलेला. मला हसू आलं. खरंच आलं. आणि हसता हसता भीती कुठं गेली ते कळलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"मायी नाही. माया आज्यानं तो शब्द फेकून देल्ला. तुमी उचलून घरात ठेवला, तं स्पेलिंग तुमालेच आलं पाहिजे."

कोणी हसलं नाही. एक गिऱ्हाईक बाई साडी खाली ठेवून माझ्याकडं पाहत राहिली.

"धमकी देतं का? खातं खोल, नाही तं उद्यापासून येऊ नको."

खातं उघडायचा नंबर माझ्या मोबाईलवर येतो. मी दाबून ठेवू शकले असते. ठेवला नाही. मी त्यांच्यासारखी नाही. त्यांच्यासमोर खातं उघडलं, तो शब्द पुसला, नंबर छोट्या शेठच्या मोबाईलला जोडला, गोदामाच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. मग ग्रुप उघडला आणि त्या मेसेजचा, त्याखालच्या एकेका हसऱ्या चेहऱ्याचा स्क्रीनशॉट घेतला. तिथून सरळ पोलीस स्टेशन. अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार. हवालदार म्हणाला, "कंप्युटरच्या पासवर्डवर केस?" मी म्हटलं, "लिहा." दुसऱ्यांदा म्हटलं, "लिहा." तिसऱ्यांदा त्यानं लिहिलं.

चार दिवसांनी महादेवकाका घरी आले. आईनं पाणी दिलं. ते प्यायले.

"पोरी, छोटे शेठ म्हन्ते, झालं गेलं. पासवर्ड आता तुया नावाचा ठेवला. तक्रार तेवढी वापस घे, उद्यापासून ये."

"काका, तुमी होते तिथं. साक्ष देता?"

ते उठून चपला पायात सरकवायला लागले. "मले तिथंच दिवस काढायचे हायेत वो."

"काढा. पण तक्रारीत, हसलेल्यांत तुमचंही नाव हाय. ते मी खोडणार नाही."

ते गेल्यावर आईनं पेला विसळला आणि विचारलं, "केस किती वर्ष चालते?"

"माहीत नाही."

"चालू दे," ती म्हणाली.

चालू देणार आहे. साक्षीला कोणी नाही आलं तरी. तडजोड नको, माफी नको, नोकरी तर नकोच. कोर्टात उभं करून त्यांना विचारणार आहे, हा शब्द तुम्ही कोणासाठी ठेवला. त्यांनी तोंडानं सांगेपर्यंत मी मागं हटत नाही.