घाटघरचा पत्ता

“हे घाटघर काय आहे? काढून टाका,” पुण्याच्या नव्या मॅडम फोनवर म्हणाल्या.

नाणेघाटाजवळचं गाव, मी सांगितलं. आमचा कोड क्लाउडवर जिथे राहतो, तिथल्या आमच्या कंपनीच्या वेब पत्त्यात हे नाव होतं. का होतं, ते मात्र सांगितलं नाही. दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची जुन्नरची कंपनी किसनभाऊंनी काढली आणि पत्त्याला आपल्या गावाचं नाव देऊन टाकलं. पुढे पुण्याच्या कंपनीला ती विकून भाऊ गावी गेले. चहा सांगताना माझ्या तोंडून अजून एक कप जास्तच निघतो.

पत्ता बदलणं सोपं. सेटिंग्जमध्ये नवं नाव टाकायचं, बटण दाबायचं. भानगड पुढे असते. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला जुनाच पत्ता पाठ असतो. नवा सांगितला नाही तर काम अडतं. म्हणून कोण कोण जोडलेलं आहे ते आधी बघितलं. सगळ्यांना मेल धाडले आणि एका नावापाशी थांबले. भाऊ. त्यांचा लॅपटॉप रोज सकाळी आमचं काम उतरवून घेत होता. घाटघरात धड रेंज मिळवायची तर गावाबाहेर माळावर जावं लागतं, म्हणजे भाऊ रोज तिथवर चालत जात होते.

भाऊंना नवा पत्ता देऊ का, मॅडमना विचारलं. बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही, म्हणाल्या. नियमाने बरोबर होतं, तरी मला राग आला. एक दिवस मागून घेतला. आमच्याकडे घर बदललं की घरभरणीचं आवतण दारात जाऊन देतात. फोनवर उरकलं तर माणसं मनाला लावून घेतात. इथे तर आवतण नव्हतंच, नकार होता. तो मेलने कसा द्यायचा? स्कूटी काढली.

भाऊ भातखाचराच्या बांधावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बरोबर हाय त्यांचं,” ते म्हणाले. “पण कोड कोण वाचतंय गं? तुमी बदल केला की खाली दोन ओळी लिहिता ना, तेवढ्याच वाचायचो. हापिसात बसल्यावानी वाटायचं.”

कोडमध्ये बदल केला की काय केलं याची टीप लिहावी लागते. ‘दुधाचा वजनकाटा आज परत रुसला’ असलं घरगुती मराठीत लिहायची सवय आम्हाला भाऊंनीच लावलेली.

“भाऊ, लई आठवण येते तुमची,” मी म्हणाले.

“मग ये की. ह्यो पत्ता काय बदलायचा न्हाई.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बटण दाबलं. कुणाचं काही अडलं नाही, मॅडम खूश झाल्या. टीप अजून मराठीतच लिहिते, पण आता एकाच ओळीत उरकते. वाचणारं कुणी नाही.

पत्ता बदलण्याआधी जुन्या पत्त्यावर कोण येतं ते बघून घ्यावं. आणि सगळ्यांना मेल करून भागतं असं समजू नये.