दात्यांची डॉक्टरीण

गिअरबॉक्स उघडायच्या आधी मावशी डोळे मिटून तो हाताने फिरवायच्या. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं काढलेली बाई. कुठलं बेअरिंग गेलंय हे त्यांना आवाजावरूनच कळायचं. निवृत्तीनंतर त्यांनी घराखालच्या गाळ्यात स्वतःचं काम सुरू केलं आणि पहिल्याच महिन्यात एक दंतवैद्य आपली तरुणपणची लाल टू-सीटर गाडी टो करून घेऊन आले. सोबत त्यांची मुलगी होती.

गाडीचं मूळ इंजिन कायमचं गेलं होतं. डॉक्टरांनी जवळजवळ दुप्पट ताकदीचं नवं इंजिन बसवून घेतलं होतं. प्रश्न होता गिअरबॉक्सचा.

"जुनाच चार गिअरचा लावला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्याच चढावर गिअरचे दाते तुटून हातात येतील," मावशी म्हणाल्या. "तुम्ही दातांचे डॉक्टर, मी दात्यांची. माझं ऐका."

मुलगी म्हणाली, "ऑटोमॅटिकच टाका. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच झेपायचा नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "मग गाडी तूच चालव. मी शेजारी बसून खिडकीतून बघतो."

मावशींनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग वरून वजनकाटा आणला, भिंतीला टेकवून उभा धरला आणि डॉक्टरांना समोर खुर्चीत बसवलं. "डाव्या पायाने दाबा. दुखेपर्यंत नाही, सहज जमेल तेवढंच."

काटा चौदा किलोवर गेला. "आता असंच चाळीस वेळा."

तिसाव्या वेळेला मुलगी "पुरे" म्हणाली. डॉक्टरांनी ऐकलं नाही. चाळीस वेळा दाबून झालं, काटा तेराच्या खाली आला नाही.

"क्लच हायड्रॉलिक करते, तेलाच्या दाबाने पेडल हलकं होईल. पेडलवर दहा किलोच्या वर जोर लागला तर गाडी परत आणा," मावशी म्हणाल्या. "सहा गिअरची या इंजिनाला गरज नाही, आणि तो बसवायला दोन सीटांमधला उंचवटा कापून रुंद करावा लागेल, तुमचा पाय आखडेल. ऑटोमॅटिक वाईट नाही, पण जड आहे. पाच गिअरचा घ्या. मोठ्या रस्त्यावर चौथ्यात ओरडणारं इंजिन पाचव्यात गुणगुणेल."

मुलीने वजनकाट्याकडे आणि वडिलांकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "पण पेडल आधी मी दाबून बघणार."

पुठ्ठ्याचा नमुना करून मावशींनी गिअरच्या दांड्याची जागा ठरवली. स्टिअरिंगवरून हात सोडला की तळवा थेट मुठीवर पडला पाहिजे, कोपर मागे जाता कामा नये. तीन आठवड्यांत सगळं जोडून झालं.

पहिल्या फेरीत ताशी साठच्या पुढे गाडी थरथरू लागली. डॉक्टर घाबरले. मावशी मात्र परत येताच गल्लीच्या तोंडाशी उतरल्या आणि चक्क रस्त्यावर आडव्या होऊन गाडीखाली बघू लागल्या.

"चूक माझी आहे," त्या उठून म्हणाल्या. "गिअरबॉक्सचं शेपूट किंचित खाली राहिलंय, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट वाकड्यात फिरतोय. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स ज्यावर टेकतो त्या मागच्या माउंटिंगखाली पत्र्याची चकती घातली आणि थरथर गेली. मुलीने गाळ्यातच पेडल दाबून बघितलं, दोनदा, आणि उतरून वडिलांना जागा करून दिली.

डॉक्टर चढाच्या रस्त्याला लागले, शेजारी मावशी. वळणाआधी डॉक्टरांनी चौथ्यातून तिसरा टाकला. कसलीही खरखर न होता दांडा आत बसला. गाडी वळली आणि वर निघाली. डॉक्टरांचे कान आनंदाने लाल झाले होते.

परत आल्यावर मुलगी दारातच उभी. "पाय?"

"कुठला पाय?" डॉक्टर म्हणाले.

ती हसली आणि त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली. गल्ली संपायच्या आत गाडी तीनदा बंद पडली. डॉक्टर फुटपाथवरून ओरडत होते, "हळू सोड गं, हळू!" तोवर मावशींनी दुसऱ्या कुणाचा तरी गिअरबॉक्स टेबलावर घेतला होता.